पुराचा गाळ, सागवानी डेक आणि गणपतीची घाई

सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला एक बैठा बंगला आहे. मागच्या अंगणात १४ बाय १२ फुटांचा सागवानी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, आणि डेकपासून मागच्या फाटकापर्यंत १९ फूट लांब, ४ फूट रुंद वाट. ही वाट डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि एचडीपीई प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या पोकळ फळ्यांची. दोन्हींच्या खाली ५० बाय २५ मिलिमीटरच्या लोखंडी बॉक्स पाइपची चौकट. जुलै २०२१ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५४ फुटांच्या आसपास पोचली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अंगणात छातीइतकं पाणी चढलं आणि डेक जवळजवळ तीन दिवस पाण्याखाली राहिला.

घरच्यांची अपेक्षा साधी होती. १० सप्टेंबरला गणपती, तोवर डेक पहिल्यासारखा हवा. अडचण अशी की लाकूड आणि डब्ल्यूपीसी या दोघांना पुरानंतर अगदी उलट वागणूक लागते. डब्ल्यूपीसीचं काम लगेच करावं लागतं, लाकडाला मात्र थांबावं लागतं. या घरात सुरुवातीला नेमकं उलटं चाललं होतं: वाटेवरच्या फळ्या "प्लास्टिकच आहे, काय होतंय" म्हणून तशाच पडल्या होत्या आणि सागाला पॉलिश करायची घाई होती.

गाळ ओला असतानाच

एक गोष्ट मात्र घरच्यांनी बरोबर केली. पाणी उतरायला लागलं तसं गमबूट आणि रबरी हातमोजे घालून, मीटरजवळचा मेन स्विच बंद ठेवून, त्याच पाण्यात खराट्याने गाळ हलवून बाहेर ढकलला. नदीकाठच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. कृष्णेचा गाळ बारीक आणि चिकट असतो. ओला असेतो तो साध्या पाइपच्या पाण्याने निघतो. एकदा वाळला की फळ्यांच्या फटीत विटेसारखा बसतो आणि मग तो पटाशीने खरवडावा लागतो, त्यात फळीची कड जाते.

वरून डेक स्वच्छ दिसत होता, पण फटी तशाच भरलेल्या होत्या. दोन सागवानी फळ्यांमध्ये मुळात दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटर फट ठेवलेली होती. साग भिजला की आडवा फुगतो. ९० मिलिमीटर रुंदीची फळी १२ टक्के ओलाव्यावरून २८ टक्क्यांवर गेली, तर कापाच्या दिशेप्रमाणे दीड ते तीन मिलिमीटर वाढते. त्यामुळे फट निम्मी झाली होती आणि उरलेल्या जागेत गाळ. खालून हवा खेळायची बंद. अशा अवस्थेत वरचा भाग वाळतो, खालचा ओलाच राहतो, आणि फळी दोन्ही कडांनी वर उचलून पन्हाळीसारखी होते. म्हणून पहिलं खरं काम फटींचं होतं. जुन्या करवतीच्या पात्याचा दात नसलेला तुकडा फटीतून ओढत न्यायचा आणि मागोमाग पाइपचं पाणी सोडायचं. ३८ फळ्यांच्या फटी दोन माणसांनी एका दिवसात मोकळ्या केल्या.

प्रेशर वॉशर वापरला नाही, आणि त्याला कारण होतं. वाटेवर तो आधीच वापरून झाला होता. गाड्या धुणाऱ्या एका मुलाने एकाच धारेचा नोझल चार बोटांवर धरून डब्ल्यूपीसी धुतली आणि तीन फळ्यांवर फिकट पट्टे उठले. घरगुती वॉशरचा दाब १०० ते १३० बार असतो. सागासाठी ४० ते ५० बार पुष्कळ झाला, तोही ४० अंशांच्या पसरट नोझलने आणि फूटभर अंतरावरून. दाब कमी करता येत नसेल तर पाइप आणि नायलॉनचा ब्रश बरा. भिजलेल्या लाकडाचा वरचा थर मऊ असतो. जोराची धार त्यातला नरम भाग खोदते, कडक रेषा तशाच राहतात आणि फळीला हाताला लागतील असे तुसे येतात.

पोकळीत साठलेला पूर

डब्ल्यूपीसीच्या दोन फळ्या क्लिपांतून सुटून वर आल्या होत्या. घरच्यांना वाटलं प्रवाहाने उचलल्या. खरं कारण वेगळं आहे. हा माल स्वतः पाण्यापेक्षा जड असतो, पण फळी पोकळ आणि टोकांना प्लास्टिकची टोपणं बसवलेली. आत हवा कोंडली की अख्खी फळी तरंगायला बघते. ज्यांची टोपणं घट्ट होती त्या उचलल्या गेल्या. ज्यांची सैल होती त्यांच्या पोटात गाळ शिरला.

१४० बाय २५ मिलिमीटरच्या, २.९ मीटर लांब अशा १६ फळ्या होत्या. एका फळीच्या पोकळीत पाच-सहा किलो ओला गाळ सहज मावतो. तो तसाच राहिला तर तीन गोष्टी होतात. आतला भुसा सतत ओला राहतो, बुरशी आतून बाहेर येते आणि पृष्ठभाग कितीही घासला तरी आठवड्याभरात काळे ठिपके परत. दुसरं, वास. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलंच असतं. तिसरी गोष्ट उन्हाळ्यात कळते. हा माल उष्णतेने लांबीत वाढतो. सकाळच्या २० अंशांपासून एप्रिलच्या दुपारी ६० अंशांपर्यंत फळी तापली, तर २.९ मीटरच्या फळीची लांबी पाच ते सहा मिलिमीटर वाढते. त्यासाठीच दोन फळ्यांच्या टोकांमध्ये सहा मिलिमीटर जागा सोडतात. त्या जागेत गाळ वाळून घट्ट बसला की फळीला वाढायला जागा नाही, आणि मग ती मध्येच कमानीसारखी उठते किंवा क्लिपा तोडते.

म्हणून सगळ्या १६ फळ्या उघडल्या. मागे वळून पाहता पूर्ण कामातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय होता, आणि त्याला फक्त स्क्रू-ड्रायव्हर लागला. एका टोकाची क्लिप काढून फळ्या एकेक सरकवल्या, टोपणं काढली, फळी भिंतीला तिरपी टेकवून वरच्या टोकातून पाइप लावला. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. काहींमध्ये गाळ अर्धवट सुकला होता. तिथे रात्रभर पाणी भरून ठेवलं आणि सकाळी लांब बांबूच्या काठीला चिंधी बांधून आत फिरवली.

बाहेरून धुण्यासाठी भांडी घासण्याचं द्रव साबण आणि कोमट पाणी. ज्या फळ्यांवर बुरशी होती त्यांच्यासाठी सोडियम परकार्बोनेट, लिटरला ३० ग्रॅम, सात लिटर पाण्यात सुमारे २१० ग्रॅम. हे पाण्यात पडलं की त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतात. १५ मिनिटं ओलं ठेवायचं, रेषांच्या दिशेने नायलॉनच्या ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: फळी कपड्याने पुसून कोरडी करायची. धुतलेलं घाण पाणी वर सुकलं की पांढुरकी झाक राहते आणि लोकांना वाटतं रंग उडाला.

तारेचा ब्रश आणि काचपेपर डब्ल्यूपीसीला लावायचा नाही. घासलेल्या जागेचा रंग वेगळा दिसतो तो दिसतोच. मग पट्टे पडलेल्या तीन फळ्यांचं काय? त्या उलट्या केल्या. या प्रकारच्या फळीला एका बाजूला खाचा आणि दुसऱ्या बाजूला लाकडासारखा पोत असतो, आणि क्लिपची खोबण दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर फळी उलटवता येते. इथे ती सारखी होती. वाट आता तेरा फळ्या एका पोताच्या आणि तीन दुसऱ्या पोताच्या अशी आहे. कडेला एकत्र लावल्यामुळे मुद्दाम केल्यासारखी वाटते. ज्यांच्या फळीवर वरून प्लास्टिकचा वेगळा थर असतो, त्यांना ही सोय बहुधा नसते, कारण तो थर अनेकदा एकाच बाजूला असतो.

ब्लिचिंग पावडरचं पुढे काय होतं

पूर ओसरल्यावर गल्लीबोळांत ब्लिचिंग पावडर मारतात आणि ते गरजेचंच असतं. इथे घरच्यांनी तीच पावडर मूठमूठ सागवानी डेकवर भुरभुरली. ओल्या सागावर ती तशीच पडून राहिली तर लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू चिकटवून ठेवणारं द्रव्य, पोखरते, वरचे तंतू कापसासारखे सुटतात, आणि लोखंडी स्क्रू गंजतात. पण खरा धोका पुढच्या पायरीत होता. साग उजळायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. ब्लिचिंग पावडरच्या शिल्लक अंशावर कोणतंही ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हे काम उघड्यावर असलं तरी वाकून घासणाऱ्या माणसाचं तोंड तिथेच असतं. शिवाय पावडरीतल्या कॅल्शियमबरोबर ऑक्झॅलिकचा न विरघळणारा पांढरा क्षार बनतो आणि तो छिद्रांत बसला की पाण्याने निघत नाही.

त्यामुळे आधी कोरडी पावडर खराट्याने झाडून पाटीत भरली, मग तीनदा साध्या पाण्याने धुतलं. हे पाणी नळाचं घेतलं, बोअरचं नाही. बोअरच्या जड पाण्यातही कॅल्शियम असतोच.

ऑगस्टमध्ये पावसाने चांगली उघडीप दिली आणि त्यात रासायनिक धुलाई उरकली. १६८ चौरस फुटांसाठी १६ लिटर पाणी धरलं, म्हणजे चौरस मीटरला साधारण एक लिटर. पहिला हात सोडियम परकार्बोनेटचा: कोमट, चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यात लिटरला ६० ग्रॅम, एकूण ९६० ग्रॅम. बादली उघडी ठेवायची, कारण यातून सतत ऑक्सिजन सुटतो आणि बंद कॅन किंवा फवारणी पंपात भरून ठेवला तर दाबाने फुगतो. चार-पाच तासांत त्याची ताकदही जाते, म्हणून लागेल तेवढंच कालवायचं. सकाळी डेकवर सावली असताना लावलं, १५ मिनिटं सुकू दिलं नाही, रेषांच्या दिशेने घासलं आणि धुतलं. पेरॉक्साइडमुळे राहिलेला क्लोरीनही मरतो, हा वरचा फायदा.

धुतल्यावर डेक काळपट लाल दिसायला लागला आणि घरात चिंता पसरली. हे अपेक्षितच असतं. सोड्यासारख्या अल्कलीने सागातली द्रव्यं गडद होतात. ॲसिड लागलं की रंग परततो.

ॲसिडच्या आधी काळ्या डागांची परीक्षा करायची असते. काळा डाग बुरशीचा असतो किंवा लोखंडाचा. डागावर ऑक्झॅलिकच्या पाण्याचा एक थेंब टाका. दोन-चार मिनिटांत फिकट झाला तर लोखंड. काहीच झालं नाही तर बुरशी, आणि मग परकार्बोनेटचा आणखी एक हात. इथे डेकच्या मधल्या पट्ट्यातले डाग स्क्रूच्या डोक्याभोवती गोल होते आणि थेंबाने लगेच उजळले. पूर्वी कधीतरी दुरुस्तीत साधे लोखंडी स्क्रू वापरले होते. लोखंड आणि सागातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांची ओलीत शाई बनते. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करत. मूळ कारण तसंच ठेवून डाग काढला तर पुढच्या पावसात तो हजर, म्हणून आधी ते ४२ स्क्रू काढले आणि ८ नंबरचे, दीड इंची, एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचे बसवले. बॉक्स पाइपमध्ये साडेतीन मिलिमीटरचं भोक आधी पाडून घ्यायचं, नाहीतर एसएसचं डोकं तुटतं. लोखंडी चौकटीत एसएस स्क्रू चालतो, कारण दोघांच्या स्पर्शाने झिजतं ते लोखंड, आणि छोट्या एसएसपुढे ते बरंच मोठं आहे. एसएसच्या पत्र्यात लोखंडी स्क्रू मात्र बघता बघता गंजून जातो.

मग ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, एकूण ८०० ग्रॅम. हातमोजे आणि गॉगल घालून. हे विषारी आहे, मुलं आणि घरचा कुत्रा आत. तुळस आणि कडेची झाडं आधी पाण्याने भिजवून वर प्लास्टिक टाकलं. वीस मिनिटांनी दोनदा धुतलं. ॲसिड फळीवर सुकू देता कामा नये. सुकलेले खडे नंतर काचपेपर मारताना धुळीबरोबर नाकात जातात. शेवटच्या पाण्याला लिटमस कागद लावून बघितला, लाल झाला नाही तेव्हा थांबलो. सागाचा मूळ पिवळसर तपकिरी रंग त्याच संध्याकाळी दिसला.

धुतल्यावरच कुजकं लाकूड उघडं पडतं. चार फळ्यांच्या कडेला पांढरट पट्टा होता, तिथे पटाशीचं टोक दाबलं की पाच-सहा मिलिमीटर आत जात होतं. घरच्यांनी पुरावर खापर फोडलं, पण तीन दिवसांच्या पाण्याने साग कुजत नाही. झाडाच्या बाहेरचा हा पांढरा भाग सागाचा असला तरी सागाइतका टिकाऊ नसतो. त्याची कूज दोन-तीन पावसाळ्यांची असणार. त्या फळ्या बदलल्या. नवीन घेताना एकच अट ठेवली: पांढरा पट्टा असलेली फळी स्वस्त मिळाली तरी नको.

"दोन हात पीयूचे"

गणपतीला पंधरा दिवस राहिले तेव्हा पेंटर आला. "काकू, वरून कोरडंच आहे की. चतुर्थीच्या आत दोन हात पीयूचे मारतो, आरशासारखा दिसेल." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर चकचकीत थर धरणारं पॉलिश.

वरून कोरडं होतं हे खरं. लाकडाचा ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या दोन सुया फळीत खुपसल्या तर वरच्या बाजूला १९ टक्के आणि खालून २६. या लाकडावर पीयू मारला असता तर वरचं तोंड बंद झालं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात आतली ओल वाफ होऊन वर येते आणि थर उचलते. आधी स्क्रूभोवती दुधाळ गोल, मग फटींच्या कडेने पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांखाली पुढच्या पावसाचं पाणी. असा सुटलेला पीयू काढायला पूर्ण डेक घासावा लागतो. तेल जुनं झालं तर नुसतं धुऊन पुन्हा लावता येतं. उघड्यावरच्या, पायाखालच्या लाकडाला पीयू किंवा व्हार्निश आमच्या मते कधीच लावू नये. पूर आलेला असो वा नसो.

तेव्हा गणपती धुतलेल्या, उघड्या सागावरच आला. पाटाखाली रबरी पाय ठेवले, वर सतरंजी अंथरली नाही, कारण तिच्याखाली ओल कोंडते. तेलाच्या समया पितळी ताटात. उघडं लाकूड तेल झटकन पितं. तरी आरतीच्या तेलाचा एक डाग पडलाच. मुलतानी माती मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून त्याचा जाड लेप दिला आणि दुसऱ्या दिवशी खरवडून काढला, डाग बराच ओढला गेला. हा उपाय डब्ल्यूपीसीवर करायचा नाही, टर्पेंटाइनने तिचा रंग बिघडू शकतो.

दसऱ्याला मीटर १५ आणि १८ दाखवत होता. नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी उरकल्यावर, १२ आणि १४. हद्द १५ टक्क्यांची आणि ती खालच्या बाजूलाही लागू. मीटर नसेल तर पाण्याचे थेंब टाकून बघतात, पण थेंब फक्त एवढंच सांगतो की लाकूड वरून तेल प्यायला तयार आहे. पोटातल्या ओलीबद्दल तो काही बोलत नाही.

घासाई ६० नंबरच्या काचपेपरने, मग ८०. इथे थांबायचं. कारागिराला १२० किंवा १५० मारून गुळगुळीत करायचा मोह होतो, पण छिद्रं बुजतात आणि तेल वरच चिकट राहतं. फक्त फळीची टोकं १२० ने घासली, कारण टोकं नळीसारखी असतात आणि गरजेपेक्षा जास्त पितात. सागाची धूळ कातडीला आणि घशाला झोंबते, मास्क हवाच.

तेल रंगद्रव्य असलेलं, फिकट तपकिरी डेकिंग ऑइल घेतलं. बिनरंगी तेल पाणी अडवतं, ऊन अडवत नाही, आणि साग करडा होतो तो उन्हाने लिग्निन तुटल्यामुळेच. पेंटर बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसतेल सुचवत होता. घरातल्या चौकटीला ते ठीक, पण पावसाळी अंगणात त्यावर बुरशी पोसते. पहिल्या हाताला सुमारे १.६ लिटर लागलं, दुसऱ्या दिवशीच्या हाताला १.२, टोकांसह तीन लिटरचा हिशोब. प्रत्येक हातानंतर वीस मिनिटांनी न मुरलेलं तेल सुती कापडाने पुसून घेतलं. न पुसलेलं तेल दोन महिने चिकट राहतं आणि त्यात धूळ बसते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. वाळताना त्या स्वतःच तापतात आणि पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवायच्या किंवा पाण्याच्या डब्यात बुडवायच्या.

डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी अवकाळी पाऊस आला. द्राक्षबागायतदारांची झोप उडवणाऱ्या त्या पावसात डेकची परीक्षा आपोआप झाली. सगळीकडे पाण्याचे मणी उभे राहिले, फक्त कुंड्या असलेल्या कडेला एक हातभर पट्टा गडद झाला. तेल लावताना कुंड्या पूर्ण उचलल्याच नव्हत्या, नुसत्या सरकवल्या होत्या. तो पट्टा वाळल्यावर ८० नंबरने घासून पुन्हा दोन हात दिले आणि कुंड्यांखाली इंचभर उंचीचे रबरी पाय घातले.

वाट परत बसवताना एक बदल केला. एका सलग चौकटीऐवजी फळ्या दोन सुट्या चौकटींवर बसवल्या, प्रत्येक चौकट चार बोल्टवर. टोपणं सैल ठेवली आणि प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूला दोन-दोन फुटांवर पाच मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे पाणी आत गेलं तरी निचरा होतो आणि हवा कोंडून फळी उचलत नाही. वॉरंटी चालू असेल तर भोकं पाडण्याआधी कार्ड वाचावं. आयर्विनवर ४० फुटांचा इशारा आला की आठ बोल्ट काढायचे आणि दोन्ही चौकटी चौघांनी धरून गच्चीवर न्यायच्या. १३ नंबरचा पाना फाटकाजवळच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे.